मला जेंट्सच घड्याळ पाहिजे होतं

इचोड्याच्या बाजारात, भर दुकानात, मी आणि माझी आई भांडलो होतो... एका घड्याळावरून! सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ. मी आदिलाबादजवळच्या तलमडुगु भागात नुकतीच नर्स म्हणून लागले होते, आणि पहिल्या पगारातून मला रोज घालायला एक घड्याळ घ्यायचं होतं.

पण त्याच रविवारी मला पाहायला पाहुणे येणार होते. वडील नव्हते, स्थळ आईनेच खटपट करून आणलेलं. त्यामुळे तिच्या मते घड्याळ कसं हवं? नाजूक, सोनेरी साखळीचं, पाहुण्यांच्या नजरेत भरेल असं.

दुकानदाराने तसलीच काढली. चिंचोक्याएवढी डायल, आकड्यांच्या जागी नुसते ठिपके, आणि सेकंद काटाच नाही! मी म्हटलं, नको.

आता सेकंद काट्यासाठी एवढा हट्ट कशाला... तर ऐका. माझं काम गावोगाव फिरायचं. बाळंतिणीची नाडी बघायची, पोटातल्या बाळाचे ठोके मोजायचे, आणि ते मोजायला सेकंद काटा लागतो. दवाखान्यात भिंतीवर घड्याळ होतं, पण भिंत काय पिशवीत घालून नेता येते?

म्हणून मी गावात कोणाकडे तरी घड्याळ मागायची. एका गावात ते एकाच माणसाकडे होतं, लग्नात सासऱ्याने दिलेलं. आमच्याकडे जावयाला घड्याळ द्यायचीच पद्धत. आणि तो पठ्ठ्या ते मनगटावरून उतरवायला तयार नाही! "सिस्टर, सासऱ्यानं देलेली घडी हाय. काढत नसतो मी."

मग काय... बाई आत खाटेवर, हा दाराबाहेर तोंड फिरवून उभा, आणि त्याचा हात तेवढा पडद्यातून आत! मी तिची नाडी धरून बसलेली आणि डोळे ह्याच्या मनगटावर.

हसू येतं ना? मलाही येतं, आता. तेव्हा ती बाई तोंडावर पदर ओढून पडली होती, परक्या पुरुषाचा हात खोलीत आहे म्हणून बिचारी धड कण्हतही नव्हती. मला इतका राग आला होता... घरी येताना ठरवलं, यापुढे माझ्या बायांपाशी माझंच घड्याळ असेल. बस्स.

तर दुकानात मी बोट दाखवलं ते जेंट्स घड्याळाकडे. मोठी पांढरी डायल, ठळक आकडे, लांब सेकंद काटा, अंधारात दिसणारे रेडियमचे काटे. चावीचं, कारण सेल संपला तर नवीन घालायला थेट आदिलाबाद गाठावं लागायचं. पट्टाही स्टीलचा, चामड्याचा रोज हात धुऊन धुऊन कुजून जातो.

"बहनजी, ये जेंट्स है," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "मालूम है."

आई मात्र खवळलीच. "पोट्टे, येडी झाली काय? बाप्या माणसाची घडी घालून पाव्हण्यांपुढं बसशीन? काऊन माहं नाक कापून राह्यली?"

"माय, पाव्हणे एक दिवस येतीन. मले घडी रोज लागते."

घेतलंच मी ते. पट्ट्याच्या कड्या काढून माझ्या मनगटाला बसवून घेतलं. बसमध्ये आई पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि आत्या. सकाळपासून माझी आई मागे लागली होती की आजचा दिवस तरी काढून ठेव... मी काढलं नाही. पोहे देताना आत्याबाईंची नजर पडलीच. "ही कोनाची घडी वो? भावाची काय?"

"माझीच," मी म्हटलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलाच्या आईने सांगून टाकलं, लग्नानंतर ही असली घडी आणि गावोगाव हिंडणं आमच्याकडे चालणार नाही. आणि हो, पोराला मात्र चांगली सोनेरी पट्ट्याची घडी पाहिजे! पोरगा मान डोलावत पोहे खात होता. शेती बटईने दुसऱ्याला कसायला दिलेली, स्वतः दिवसभर पारावर बसलेला, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

हे स्थळ मोडलं तर आईला किती घोर लागेल ते मला ठाऊक होतं. तरी घड्याळ काढायचं नाही हे पक्कं होतं. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईच बोलली.

"घडी तर माही पोर काढत नाई," अगदी शांतपणे. "तिच्या घडीवर बाया बाळंत होऊन राह्यल्या. तुमच्या पोराले घडी कायले पाह्यजे वो... कुठं जायाचं असते त्याले?"

पाहुणे चहा न घेताच उठले.

मला वाटलं आता आई रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. तिने उरलेले पोहे माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "खा. निवून राह्यले." रडले ती मीच.

पुढे नवरा चांगला मिळाला. नोकरी शेवटपर्यंत केली, किती लेकरं या हातांवर आली देव जाणे. पण माझ्या कामाला काम म्हणणारं घरातलं पहिलं माणूस म्हणजे माझी माय, जिला घड्याळ वाचताही येत नव्हतं.

ती आहे अजून, आतल्या खोलीत पडून आहे. हे आता तिला वाचून दाखवणार आहे. "एवढं कायले लिवलं वो?" म्हणेल... म्हणू दे.