रहिवासी आबा

कुणाच्याही फाटकाशी थांबून कान लावणं हा आबांचा एकमेव छंद. आत मिक्सर जरा जास्त वेळ फिरला की हे हजर. "काय चाललंय? हा रहिवासी विभाग हाय." राधानगरी रस्त्यालगतच्या आमच्या कॉलनीत मग त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. महापालिकेच्या बांधकाम खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पण खातं काही डोक्यातून गेलं नव्हतं.

त्याला कारणही होतं म्हणा. शिवाजी पेठेत त्यांच्या जुन्या घराच्या भिंतीला लागूनच पत्र्याच्या पेट्या ठोकणारं दुकान होतं. "सगळी हयात हातोडीखाली निजलोय मी," म्हणायचे. शांतता मिळावी म्हणून फंडातले पैसे घालून इथं घर बांधलं.

पंच्याण्णवच्या सुमारास आईनं शेवयांचं मोटरवरचं यंत्र आणलं. आबा दुसऱ्याच दिवशी दारात. मोटर, हाताखाली दोन बायका आणि बाहेर पाटी, यातलं काहीही राहत्या घरात चालायचं नाही म्हणाले. हटेचनात. शेवटी पाटी काढली, यंत्र विकलं. आईनं त्यांच्या नावानं बोटं मोडली आणि पुढं कित्येक वर्षं आबा दिसले की ती मान फिरवायची.

मग त्यांची लेक शोभाताई पांढरं कपाळ घेऊन, लहान पोरीसह माहेरी आली. हातात कला होती ती शिलाईची. आता बघूया म्हाताऱ्याचा कायदा, असं आई उघड म्हणाली. आबांनी पायानं चालवायचं मशीन आणलं, मदतीला बाई ठेवायची नाही म्हणून बजावलं, आणि पाटीला साफ नकार दिला. शोभाताई रडली. कॉलनीच्या पार आतल्या घरात पाटीशिवाय गिऱ्हाईक येणार कुठून, आणि पोरीची शाळा चालणार कशावर?

"दुसऱ्याची काढायला लावली, ती आपल्या दाराला कशी लावू?" आबा म्हणाले. "मी बसतो की."

आणि खरंच बसले. कॉलनीच्या तोंडाशी खुर्ची टाकून. हातात कापडाची पिशवी घेतलेली बाई दिसली की उठायचे. "शिलाई व्हय, पावणं? चला." मग तिला थेट घरापर्यंत सोडून परत जागेवर. ऊन असो, नाहीतर गगनबावड्याकडून येणारी झड असो, म्हातारा छत्री उघडून तिथंच. आख्खं कोल्हापूर पाट्यांनी भरलंय, पण आपल्याबरोबर दारापर्यंत चालत येणारी पाटी मी दुसरीकडं पाहिली नाही. शोभाताईचं चांगलं बस्तान बसलं.

एका पावसाळ्यात आबा गेले. बायका कोपऱ्यावर येऊन, इकडंतिकडं बघून परत जायला लागल्या. आबांच्या माघारी पाटी लावायला शोभाताईचं मन होईना. मशीन जवळजवळ गप्पच झालं. कॉलनी शांत झाली, अगदी आबांना हवी होती तशी, आणि ती शांतता आम्हाला खायला उठली. फाटकाशी थांबून कुणीतरी आपल्याला दटावावं, असं फार वाटायचं. अजून वाटतं.

अशात एक दिवस एक बाई पिशवी घेऊन कोपऱ्यावर घुटमळताना आईनं खिडकीतून पाहिली. तव्यावरची भाकरी टाकून ती तशीच भुरभुरत्या पावसात गेली आणि बाईला घेऊन निघाली. मीही मागोमाग गेलो. चाहूल लागून शोभाताई बाहेर आली. तिनं आधी बाईच्या मागं बघितलं. तिथं डोक्यावर पदर घेतलेली आई उभी होती.

"मी आलेय गं," आई म्हणाली. दोघी एकदम रडायला लागल्या, आणि ब्लाऊज शिवायला आलेली ती बाई बिचारी पिशवी धरून बघत राहिली.