बिदियाची मशीद आणि मामाचा गिलावा

बावीस वर्षं दुबईत काढून माझ्या मामाने पाहिलं काय? मुहैस्नाहचा लेबर कॅम्प, प्लास्टरच्या कामाची साइट आणि विमानतळ! पुढच्या आठवड्यात तो कायमचा कुडाळला चालला, तेव्हा मीच फर्मान काढलं, “शनिवारी सहाला तयार राहा. या देशातली सगळ्यात जुनी मशीद बघायची.”

“आमका आत सोडतीत?” त्याची पहिली शंका.

सोडतात हो! नमाजाच्या वेळा आणि शुक्रवार टाळा, बायकांनी डोकं झाका. तिकीट नाही, पार्किंग फुकट.

शारजा–खोरफक्कान रस्ता झकास आहे. डोंगरातले बोगदे संपले की समोर समुद्रच. वाटेत कडक चहा घेतला. मामाच्या तोंडी फक्त गावचं देऊळ. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा. तो खरवडून सिमेंट मारायचं, वर टाइल्स लावायच्या, असं गावात ठरलेलं. प्लास्टर मामा करणार, आणि टाइल्स मी माझ्या कंपनीच्या मुंबईच्या डीलरकडून स्वस्तात देणार. मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं मी!

अल बिदियाची मशीद एवढीशी, वन-बीएचकेएवढी. दगड, मातीच्या विटा आणि वरून लेप. डोक्यावर चार घुमट, चारी सारखे नाहीतच, आणि मध्ये एकच खांब. भिंतीत पुस्तकांसाठी कोनाडे, वाऱ्याला झरोके. बाहेर ऊन भाजत होतं, आत मस्त गार.

मामाने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली. मग तिथल्या मल्याळी रखवालदाराला विचारलं, “रिपेअर में सिमेंट नहीं मारा?”

“नहीं भाई. जैसा पुराना, वैसा ही माल. सिमेंट मारो तो पानी अंदर अटकता, दीवार खलास.”

मामा बाहेर येऊन कठड्यावर बसला. चेहरा पार उतरलेला. दहा वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना त्यानेच देवळाच्या मागच्या भिंतीला सिमेंट मारायला लावलं होतं, माल कालवायला गावचा नाना गवंडी. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला आणि चिऱ्याचे पोपडे घेऊन खाली आला. मामाने खापर फोडलं नानावर, त्याने माल चुकीचा कालवला म्हणून. तेव्हापासून नानाला देवळाचं काम कुणी दिलं नाही.

“माल बरोबर होतो गो,” मामा म्हणाला. “सिमेंट मारूक मीच सांगितलंय.”

मला त्याचा रागही आला आणि कीवही. खोरफक्कानला सुरमई-भात घेतला, तीस दिरहम. एरवी मामा लगेच “सातशे रुपये!” म्हणून ओरडला असता. त्या दिवशी नुसता जेवला.

बर दुबईला घरी पोचल्यावर मी आधी टाइल्सची ऑर्डर रद्द केली. हे लिहिताना आठवतोय तो घुमट नाही, बावीस वर्षं प्लास्टर केलेला उस्ताद माझ्या सोफ्यावर फोन हातात धरून बसलेला आठवतोय. मानाने गावी जायची स्वप्नं बघितली होती त्याने. तरी त्याने नंबर लावलाच.

“नाना, मी बोलतंय. त्या भिंतीचो गिलावो माझ्यामुळे पडलो. तुझो माल बरोबर होतो. मी गावात येऊन सगळ्यांसमोर सांगतलंय. आणि चुन्याचा काम माका येणा नाय, तू शिकव.”

पलीकडून नानाचा आवाज आला, “चुनो आदी भिजत घालूक होयो. तू कधी येतलंस?”