मुलाच्या नावाचं काँक्रीट

रासेमाला राग आला की आधी तिची मान लाल व्हायची, मग कान, आणि मग तोंडातून जे निघायचं ते ऐकून ग्रोहोतचा धबधबा बघायला आलेले पाहुणे हातातला फोन घट्ट धरून चार पावलं मागे सरकायचे. तेवढंच तिला हवं असायचं.

"ए, चष्मेवाल्या! घरी दुसरा भाऊ आहे का तुला? आहे? म्हणून तू मरायला मोकळा काय?"

"बाई, मी फक्त एक फोटो..."

"फोटो तिकडून काढ, त्या अक्रोडाखालून. शेवाळावरचा पाय काढ आधी. काढ म्हणते ना!"

गावातल्या पोरी तिची नक्कल करायच्या. काठावरच्या खाणावळीचा मालक फादिल तिला हात जोडायचा. "रासेमाताई, माझं गिऱ्हाईक पळवतेस गं." त्यावर ती म्हणायची, "जिवंत पळतंय ना? मग पुन्हा येईल."

लिपा नदी आमच्या गावाशी येऊन तीन ठिकाणी फुटते आणि एकदम खाली कोसळते, तो ग्रोहोत. उजवीकडची धार जाड, मधली त्याहून जाड, आणि डावीकडची पातळ, पसरट, बुरख्यासारखी. तिला सगळे 'नवरी' म्हणत. बोस्नियातल्या या भागात नदी स्वतःचा दगड स्वतः घडवते. पाण्यातला चुना शेवाळावर बसत जातो, शेवाळ त्याच्यावर पुन्हा वाढतं, आणि हळूहळू दगड तयार होतो. त्याला आम्ही सेद्रा म्हणतो. पाणी वाहतंय तोवर तो वाढतो. पाणी बंद झालं की शेवाळ मरतं, दगड पोकळ होऊन भुगा व्हायला लागतो. हे इथल्या शाळेत दुसरीच्या मुलांनाही शिकवतात.

रासेमा इथलीच. लग्नानंतर मोज्यांच्या कारखान्यात लागली. युद्धात कारखाना जळाला. तळघरात दिवस काढताना मांडीवर तिचा तान्हा मुलगा एल्वेदीन होता. युद्धाने त्याला काही केलं नाही. तो वाढला, उंच झाला, गिटार वाजवायला लागला, आणि एकोणिसाव्या वर्षी मित्रांबरोबर नवरीच्या माथ्यावर उभा असताना त्याचा पाय शेवाळावरून सरकला. खाली जुन्या पाणगिरणीच्या दगडांत सापडला.

मग शेजारणी म्हणाल्या, "घर विकून टाक. रोज तो आवाज कसा ऐकवेल तुला?"

रासेमाला याचाच संताप यायचा. "आवाजाने काय केलंय? धबधबा आपल्या जागेवर होता. तिथे दोर नव्हता, कठडा नव्हता, शिट्टी वाजवायला एक माणूस नव्हता. हे कुणाचं काम होतं? धबधब्याचं?"

हेच ती नगरपालिकेत जाऊन सांगायची. नगराध्यक्ष मुनिब तिला खुर्ची द्यायचा, कॉफी मागवायचा, आणि म्हणायचा, "बघू या, रासेमाताई. तुमचं दुःख मी समजू शकतो." एकदा एका लग्नाला आलेला शहरातला तरुण पडून मेला. नंतर एक परदेशी बाई. मुनिबने दोघांनाही मोठाली पुष्पचक्रं पाठवली. दोर काही आला नाही. तेव्हापासून रासेमा उन्हाळाभर दुपारची काठावर जाऊन उभी राहायला लागली, आणि गावाने तिला अर्धवट ठरवून टाकलं.

मग एका वसंतात, ती पाव आणायला निघाली असताना, पुलाच्या तोंडाशी तिला आपला मुलगा दिसला.

घराएवढा फलक होता. त्यावर एल्वेदीनचा चेहरा. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा फोटो, कॉलर एका बाजूने वर आलेली. त्याच्या मागे चित्रात ग्रोहोत, आणि ग्रोहोतच्या छाताडावर, बरोबर नवरीच्या जागी, काँक्रीटचा एक ओटा बाहेर काढलेला. काचेची जमीन, वर उपाहारगृह, रंगीत दिवे. खाली अक्षरं: 'एल्वेदीन सज्जा. पुन्हा कुणाचा मुलगा जाणार नाही.'

रासेमा किती वेळ उभी होती ते तिलाही सांगता आलं नाही. दुधाची गाडी मागून भोंगा वाजवत होती. ती वळली ती पाव न घेताच घरी आली.

तिचा नवरा इझेत, रेल्वेतून निवृत्त झालेला, अंगणात खुर्चीला नवीन पाय बसवत होता.

"फोटो कुणी दिला त्यांना?"

इझेतने हातोडी खाली ठेवली. "मी दिला."

"तू दिलास."

"मुनिब आला होता. कॉफी प्यायला बसला. म्हणाला, तिथे कुणी घसरणार नाही असं काहीतरी करतोय, त्याला पोराचं नाव देऊ. तूच नाही का इतकी वर्षं म्हणत होतीस, काहीतरी करा म्हणून?"

"मी दोर मागितला होता, इझेत! दोर! नवरीचं पाणी बंद करून तिच्या डोक्यात सळया ठोका म्हणाले होते मी? आणि त्यावर माझ्या लेकाचं नाव! दारू पिऊन लोक नाचतील तिथे. लेकाच्या नावावर सिगारेटी विझवतील!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार!"

इझेतने खुर्चीचा सैल पाय हलवून पाहिला. मग हळूच म्हणाला, "आपल्यामागे कोण आहे, रासो? आपण गेल्यावर त्याचं नाव कोण घेणार? कुठेतरी लिहिलेलं राहील, एवढंच वाटलं मला."

याने तिचा राग आणखीच चढला. त्या दिवसापासून ती एकटीपुरती कॉफी करायला लागली. इझेत स्वतःची स्वतः करायचा, ती पातळ व्हायची, आणि तो मुकाट्याने प्यायचा.

सांस्कृतिक भवनात सभा झाली. मुनिब चकचकीत बूट घालून व्यासपीठावर होता. शहरातून आणलेल्या अभियंत्याने मान खाली घालून सांगितलं की सेद्रा नाजूक असते, आणखी तपासणी करायला हवी. मुनिबने त्याचे आभार मानून त्याच्यासमोरचा ध्वनिक्षेपक काढून घेतला. मग रासेमा उठली.

"माझं नाव रासेमा. त्या फलकावरच्या मुलाची मी आई."

"ताई, तुमचं दुःख आम्ही सगळे..."

"माझं दुःख खाली ठेव, मुनिब. ते तुझं नाही. मला एक सांग, दोराला किती सिमेंट लागतं?"

कुणीतरी हसलं. मुनिब हसला नाही. "सुरक्षिततेला तुमचा विरोध आहे का?"

"माझ्या पोराला पुढे करून विचारतोस ते! माझा पोरगा मेला तेव्हा तू खुर्चीत होतास. ते शहरातलं पोर मेलं तेव्हाही तूच होतास. तुला सुरक्षितता आज आठवली, उपाहारगृह बांधायचं ठरल्यावर? धबधबा मारून टाकलास तर माणसं तिथे मरणार नाहीत हे खरं आहे. मग बघायलाही कुणी येणार नाही. तुझ्या काचेवर उभे राहून काय बघतील, तुझे बूट?"

सभागृहात गलका झाला. फादिल, ज्याचं गिऱ्हाईक त्या नव्या उपाहारगृहात जाणार होतं, सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होता. इझेत मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मतं घेतली गेली, आणि हात मुनिबच्या बाजूने जास्त वर गेले.

यंत्रं आली. खोदयंत्र काठावर उभं राहिलं त्या सकाळी रासेमा घरची खुर्ची घेऊन गेली, यंत्राच्या जमिनीवर टेकलेल्या फावड्यात ती ठेवली, आणि तिच्यावर बसली. चालक मिर्झा नावाचा तरणा माणूस होता, शेजारच्या गावचा.

"मावशी, उतरा हो. मला घरी दोन लेकरं आहेत."

"म्हणून तर बसलेय. तुझ्या खालचा दगड पोकळ आहे. तुझ्या साहेबाने सांगितलं का तुला?"

"मला कोण सांगतंय!"

दुपारी पोलिसांनी तिला खुर्चीसकट उचललं. गाव दोन्ही बाजूंनी उभं राहून बघत होतं. एकही माणूस पुढे आला नाही. त्या दिवशी तिला मुनिबपेक्षा या लोकांचाच जास्त राग आला. यांच्या बारशांना तिने पिता, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत पोळ्या, भाजून नेल्या होत्या, यांच्या मयतीत रात्ररात्र बसली होती, आणि हे लोक हाताची घडी घालून तमाशा बघत होते.

नवरीचं पाणी मातीचा बांध घालून मधल्या धारेत वळवलं गेलं. आठवड्याभरात हिरवं शेवाळ तपकिरी झालं, मग राखाडी. उन्हात ते कोंड्यासारखं सुटून उडायला लागलं. खालच्या डोहात मासे पोट वर करून तरंगायला लागले.

एका संध्याकाळी इझेत अंगणात बसला असताना अचानक उठून उभा राहिला. डोकं तिरपं करून ऐकत राहिला.

"रासो," तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्याने पहिल्यांदा तिला हाक मारली होती. "आवाज गेला गं एक."

"आत्ता कळलं तुला?"

"तीन होते. मी झोपताना मोजायचो. एल्वो पाळण्यात होता तेव्हा तो बारीक आवाज ऐकला की झोपायचा." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी त्यांना फोटो दिला. मी दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठेवणीतला कोट घालून नगरपालिकेत गेला आणि मुनिबच्या खोलीत, खुर्चीवर न बसता, म्हणाला, "माझ्या मुलाचा फोटो परत दे."

"इझेतदादा, तुम्हीच तर..."

"मीच दिला आणि मीच मागतोय. नावही परत दे."

मुनिबने तोंड वाकडं केलं, पण फलक उतरवला. काम मात्र थांबवलं नाही. त्या जागी नवा फलक लागला, 'ग्रोहोत पॅनोरामा', एका हसणाऱ्या अनोळखी बाईचा. रासेमाने तो पाहिला आणि रस्त्यातच अशा शिव्या घातल्या की मशिदीतून परतणारे म्हातारे थबकले. पण घरी येऊन तिने दोघांची कॉफी केली.

पुढे जे व्हायचं ते उन्हाळा संपता संपता झालं. सज्ज्याच्या पायासाठी दगडात भोकं पाडणारं यंत्र चालू होतं. वाळून पोकळ झालेला नवरीचा माथा, निम्म्या सळया आणि ओतलेल्या काँक्रीटसकट, एकदम तुटला आणि खाली गेला. मिर्झाने यंत्रातून उडी मारली, पण त्याचा डावा पाय दगडाखाली सापडला. पाय वाचला. सरळ मात्र कधी झाला नाही.

रासेमा बटाट्याची पिता घेऊन इस्पितळात गेली. "सांगितलं होतं ना तुला, गाढवा?" असं म्हणत तिने त्याला भरवलं, आणि भरवता भरवता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिर्झाची बायको बघतच राहिली.

निरीक्षक आले, काम बंद झालं, बांध फोडला. पाणी पुन्हा डावीकडे आलं, पण नवरी आली नाही. बुरखा पसरायला आता कडाच उरली नव्हती. तुटलेल्या खाचेतून पाणी एकाच जाड लोटात पडतं, आणि बाजूला पिवळा उघडा दगड दिसतो. चुना पुन्हा बसेल, शेवाळ धरेल, पण ते बघायला आज गावात असलेल्यांपैकी कुणी नसेल. दूरचित्रवाणीवाली मुलगी आली आणि म्हणाली, "तुम्ही जिंकलात, कसं वाटतंय?" रासेमाने तिला त्या दगडापुढे नेऊन उभं केलं. "याला विचार, जिंकलो का," म्हणाली आणि निघून गेली.

कठडा इझेतने केला. ओकचे खांब काठाच्या पक्क्या खडकात बसवले, सेद्रेला हात न लावता. नदीवर होड्या चालवणारी मंडळी मदतीला आली. सभेत हात वर केलेलेही काही आले, खाली मान घालून. रासेमाने त्यांच्याशी बोलणं टाळलं, पण जेवायला सगळ्यांनाच वाढलं. खांबांतून जाड दोर ओवला. त्याला नाव दिलं नाही. एल्वेदीनचा फोटो घरात इझेतच्या पलंगाशी आहे.

आणि मग मुनिब फीत कापायला आला. तो पुन्हा निवडून आला होता. त्याच त्या चकचकीत बुटांत, हातात कात्री, मागे छायाचित्रकार. रासेमाने दोराला बांधलेली लाल फीत सोडली, दोराच्या पलीकडे गेली आणि शेवाळाच्या बाजूने बांधली.

"इकडून काप," ती म्हणाली.

"रासेमाताई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. एवढा दोर यायला तीन माणसं मरावी लागली. ये, धर, आणि काप. मी आहे ना इथे."

लोक बघत होते, म्हणून तो आला. दोराखालून वाकून, दोराच्या कडेकडेने दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला त्याचा बूट सरकला. दोन्ही हातांनी त्याने दोर कवटाळला. कात्री खाली गेली, पाण्यात कुठे पडली ते ऐकूही आलं नाही. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. रासेमाने त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं आणि कठड्याच्या आत सोडलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माझ्या पोराला धरायला एवढंच काहीतरी हवं होतं."

कुणीतरी खिशातला चाकू काढून फीत कापली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना.

रासेमाने इझेतचा दंड धरला. "चल घरी. हा आता भाषण करेल."

आणि दोघं चढणीला लागले.