जाळ्यातली दोन रिकामी घरं

धनीरामभाऊंनी १९८६ च्या मार्चमध्ये सानगडीच्या तलावाच्या पाळीवरून हॅलेचा धूमकेतू पंधरा पहाटा मोजला. एवढं एक वाक्य लिहायला मला अडीच वर्षं लागली. घरातले सगळे निजले आहेत म्हणून आता लिहिते आहे. दिवसा हात धजत नाही.

धनीरामभाऊ जातीनं ढिवर, मासेमार. तलावातल्या मासोळीची रात्रीची राखण त्यांच्याकडे. शाळा दुसरीपर्यंत. शहात्तर साली पहाटे पूर्वेला शेपटीचा तारा दिसू लागला तेव्हा गावानं दारं लावून घेतली होती. मी बी.एस्सी. झालेली, तरी सहा वर्षांच्या माझ्या लेकीला, चंद्रकलेला, अंगणात जाऊ दिलं नाही. धनीरामभाऊ मात्र पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून रोज पाहत राहिले. तारा जागा बदलतो हे त्यांच्या ध्यानात आलं, पण किती बदलतो ते सांगता येईना. ती रुखरुख त्यांना दहा वर्षं पुरली.

आमचे हे गावच्या शाळेत शिक्षक. हॅलेचा धूमकेतू येणार हे त्यांच्याकडून कळल्यावर धनीरामभाऊंनी पाळीवर दोन बांबू रोवले आणि मध्ये सुताचं जुनं जाळं ताणून बांधलं. तीन हात मागे दोन फाट्यांची एक खुंटी. तिच्यावर हनुवटी टेकवून एका डोळ्यानं जाळ्यातून पाहायचं. विंचवातला लाल तारा उजव्या कोपऱ्यातल्या गाठीवर आला, की त्या वेळी धूमकेतू जाळ्याच्या ज्या घरात दिसेल त्या घराला लाल दोरा बांधायचा. दिवसाला एक.

"पण हा आहे काय, बाई?" त्यांनी मला विचारलं होतं.

मी सांगितलं, की नेपच्यूनच्याही पलीकडे जाऊन येणारा बर्फाचा आणि धुळीचा लहानसा गोळा आहे. शहात्तर वर्षांनी एकदा सूर्याजवळून जातो.

"बर्फ? साकोलीच्या बाजाराले मासोळीसंगं भुशात घालून नेतेत तसा?"

"तसाच म्हणा."

"मंग वाटेनं गळत जात असन. थेच त्याचं शेपूट." मग म्हणाले, "म्हंजे दर खेपेले थोडा कमीच घरी जाते बिचारा."

कॉलेजात मला हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

नऊ तारखेपासून पंचवीसपर्यंत सतरा पहाटा. पुढे चांदणं आलं. चंद्रकलेची मॅट्रिकची परीक्षा त्याच महिन्यात, त्यामुळे मी तिला एकच दिवस जाऊ दिलं, तेही ह्यांच्यासोबत. दोरे सगळे धनीरामभाऊंचे. पंधराच, कारण मध्येच त्यांच्या बायकोला, जिजाला, जोराचा ताप आला. बैलगाडीतून तिला साकोलीच्या दवाखान्यात नेऊन ते दोन रात्री तिथंच बसले. परत आल्यावर शेजारचा ईश्वर म्हणाला, "इकडचा दोरा दिसते, तिकडचा दिसते. मधातले दोन बांधून टाक ना, कोन पाहाले येते?"

"पायलं नाही तं बांधू कसा?"

त्यावरून ते जिजाला कित्येक दिवस टोचत. "सतरा दिवसांत तुले हेच दोन सापडले का ताप याले?"

"पुढच्या खेपेले तारीख पुसूनच आजारी पडतो बाप्पा," ती म्हणायची.

ऑक्टोबरात भंडाऱ्याला विज्ञान प्रदर्शन होतं. चंद्रकला अकरावीत गेली होती. मार्क जेमतेम, आणि पुढे तिचं काय होईल या काळजीनं मला काही सुचत नव्हतं. बक्षीस मिळालं तर नागपूरच्या प्रवेशाला बरं पडेल, असं मनानं घेतलं. तिला जाळंच न्यायचं होतं. मी म्हटलं, मासोळीचा वास येतो, भंडाऱ्यात लोक नाक धरतील. आलेखाच्या कागदावर मी स्वतः ठिपके काढले. दोन जागा मोकळ्या दिसत होत्या, त्या पट्टी लावून भरल्या. शाईनं. खाली लिहिलं: निरीक्षण, कु. चंद्रकला. ती म्हणाली, "आई, धनीरामकाका?" मी म्हटलं, "त्यांना काय करायचंय?"

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "सतरा दिवसांत एकही दिवस चुकवला नाही, याला म्हणतात चिकाटी." चंद्रकला माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून हसले.

गावी परतल्यावर धनीरामभाऊ बसथांब्यावरच भेटले. नावाचं त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ते दोन रिकामे दाखवले ना, बाई?"

"हो," मी म्हटलं.

कागद शाळेत चौकटीत लागला. त्यानंतर तलावाकडचा रस्ता मी सोडला. बाजाराला जायचं तर मागच्या गल्लीनं जायची.

यंदा चंद्रकला नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. दिवाळीच्या सुटीत घरी आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, वर्गातल्या एका मुलानं न घेतलेलं माप वहीत लिहिलं, तर सरांनी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं. "सगळे त्याला हसले. मी कोणत्या तोंडानं हसू?"

काल तिच्यासोबत मी धनीरामभाऊंच्या घरी गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "उद्याच शाळेत जाते. कागदावर तुमचं नाव लिहिते."

त्यांनी हातातलं काम ठेवलं. "ते दोन ठिपके आहेतच त्याच्यावर?"

"आहेत. शाईचे आहेत, निघत नाहीत."

"मंग माहं नाव नका लिहू, बाई. लोक म्हनतीन धनीराम त्या दोन दिवशी पाळीवर होता. मी साकोलीले होतो, हिच्या उशाशी."

"आयका," जिजा चुलीपासून म्हणाली. "इतके दिस मलेच टोचे, आज कबूल केलं."

कुणी हसलं नाही. धनीरामभाऊ मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला पाट दिला, मी बसले नाही.

चंद्रकलेनं जाळं मागितलं. जिजानं ते आढ्यावरून काढलं, अंगणात पसरलं. दोऱ्यांचा लाल रंग उडाला होता, पण गाठी पक्क्या होत्या. धनीरामभाऊंनी तिच्याकडून आधी दोन रिकामी घरं मोजून घेतली, मग दोरे. तिनं नवा कागद काढून पंधरा ठिपके दिले. खाली धनीरामभाऊंचं नाव तिनं स्वतःच लिहिलं. मी पेन पुढे केलं होतं, ते तिनं घेतलं नाही, स्वतःचं काढलं.

तो कागद ती उद्या शाळेत नेणार आहे. मी यावं की नाही, ते बोलली नाही. म्हणून मी धनीरामभाऊंचं नाव इथं, पहिल्या ओळीत लिहिलं आहे.