वनमालाकाकूंच्या रायफलीची चकती

धारूरचा घाट उतरलं की वनमालाकाकूंचा मळा लागतो. वय साठीच्या पुढं, अंगानं किरकोळ, आणि गावात बंदुकीचा परवाना असलेली ही एकच बाई. नवरा अमरसिंह वारल्यावर घरातली रायफल त्यांनी खटपट करून आपल्या नावावर करून घेतली. खालचा लोखंडी दांडा पुढं ढकलून मागं ओढला की काडतूस चढतं, अशी ती जुनी विलायती रायफल. नेम धरायला नवऱ्यानंच शिकवलेलं.

यंदा काकूंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. लांबचं लख्ख दिसू लागलं, जवळचं मात्र धूसर झालं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, दिसायची, पण ती जिच्यात बसवून नेम धरायचा ती अलीकडची खाच पार पुसट व्हायची. त्यातच मक्यात एक एकांडं रानडुक्कर शिरू लागलं. मळ्यात कामाला असलेल्या सरस्वतीबाईंची पोटरी त्यानं फाडली. वनखात्यानं त्याला मारायची परवानगी दिली.

दीर हनुमानराव म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या कुणाला तरी बोलवू. तुमी कावून जीव धोक्यात घालता?"

"माज्या मळ्यात माज्या बाईला लागलंय," काकू म्हणाल्या. "खाच दिसत न्हाई, तर खाच बदलू."

रायफल आणि परवाना घेऊन त्या बीडला शहादेव मिस्त्रींच्या बंदुकीच्या दुकानात गेल्या. दुर्बीण बसवावी असं त्यांच्या मनात होतं. शहादेव म्हणाले, "बार झाला की हिची काडतुसाची रिकामी पुंगळी वरनं उडती. दुर्बिणीवरच आदळंल." मग त्यांनी हिरव्या ठिपक्याची चमकणारी माशी दाखवली. ती सुरेख होती, पण खाचेचं दुखणं तसंच राहत होतं. शेवटी त्यांनी बारीक भोक असलेली एक चकती काढली. ही बसते पार मागं, डोळ्याजवळ.

"आता हे तर आणखीनच पुसट दिसंल," काकू म्हणाल्या.

"दिसू द्या. भोकाकडं बघायचंच न्हाई, भोकातनं बघायचं. डोळा आपोआप मधोमध जातो. तुमी फक्त माशीवर ध्यान ठेवा."

काकूंनी रिकामी रायफल खांद्याला लावली. शहादेवनी चकती हातानं जागेवर धरली. समोरच्या भिंतीवर माशी काळीभोर, धारदार उभी राहिली. काकूंना हसू आलं.

"पण रायफलीला नवं भोक पाडणार असाल तर न्हाई हां. ह्यांची वस्तू हाय."

शहादेवनी दस्त्याजवळचा एक बारीक स्क्रू दाखवला. चकतीसाठी कारखान्यानंच ती जागा ठेवलेली होती. चकती उंच, म्हणून पुढची माशीही थोडी उंच बसवली, न्हाईतर गोळी वरनं गेली असती.

मळ्यामागच्या दरडीला टेकवलेल्या पत्र्यावर काकूंनी नेम तपासला. गोळ्या शेजारी-शेजारी लागल्या.

संध्याकाळी सरस्वतीबाईंना घेऊन त्या मक्याच्या राखणीच्या माळ्यावर बसल्या. दिवस मावळता मावळता मका हलला आणि डुक्कर बांधावर आलं. काकूंनी डोळा लावला. भोकात नुसता अंधार! उघड्या डोळ्याला डुक्कर दिसत होतं, चकतीतनं माशीसुद्धा दिसेना.

"मारा की, बाई!" सरस्वतीबाई कुजबुजल्या.

"दिसंना. नुसतं जखमी होऊन पळालं तर आणखी कुणाला तरी फाडंल."

काकूंनी रायफल खाली घेतली. डुक्कर निवांत खाऊन गेलं.

सकाळी ओसरीवर रायफल पुसताना चकती त्यांच्या बोटांखाली फिरली. आटे होते. काढली, तर तिच्या जागी मोठ्या भोकाचं कडं उरलं. त्यातनं बघितलं तर उजेड भरपूर, आणि माशी तशीच मधोमध. पुन्हा पत्र्यावर बार काढून बघितले. गोळ्या जरा पांगल्या, पण डुकरासाठी तेवढं पुरे होतं.

दोन दिवस ते आलं न्हाई. तिसऱ्या सांजेला आलं. एकच बार झाला, आणि ते बांधावरच आडवं पडलं.

पंचनाम्याला वनखात्याची माणसं येईपर्यंत दोघी तिथंच उभ्या होत्या. सरस्वतीबाई लंगडत जवळ गेल्या. त्याचा एक सुळा तुटलेला होता, बरगड्या वर आलेल्या.

"लई म्हातारं होतं, बाई. मला वाटलं हत्तीएवढं असंल."

"कळपातनं हाकललेलं असंल," काकू म्हणाल्या. त्यांनी रायफल रिकामी केली आणि पुंगळी उचलून घेतली. "चल, बस तिकडं. पायावर भार देऊ नगंस."