माउस उघडताना

प्लास्टिकची क्लिप मोडल्याचा 'कट्ट' हा आवाज केवढा क्षुद्र, आणि तरी तो ऐकताना काळजात केवढे चर्र होते! गेवराईतल्या आमच्या घरात, रविवारच्या लख्ख उन्हात, वर्तमानपत्र पसरून मी कॉम्प्युटरचा माउस दुरुस्त करायला बसलो होतो. वस्तू मुठीत मावणारी. पण तिचा स्क्रू सापडेल तर शपथ! ज्या सद्गृहस्थाने तो तळाच्या चिकटपट्टीखाली दडवला, त्याला दुरुस्ती करणाऱ्या माणसांविषयी एवढा आकस का असावा? पट्टी सोलली, स्क्रू काढला, तरी कवच उघडेना. जोर लावला तर क्लिप गेली, आणि चाकाची स्प्रिंग उडाली ती थेट कपाटाखाली. पालथा पडून तिला हुडकताना मी तिला नाही नाही ते बोललो.

खरे तर हा माउस महिन्यापूर्वीच उघडायला हवा होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर शिंपीकाम केले. अलीकडे दुपारी ते कॉम्प्युटरवर पत्ते खेळत. उचललेले पान वाटेतच गळून पडे, आणि ते मला हाक मारीत. चार वेळा उठलो, पाचव्यांदा वैतागून बोलून गेलो, "आबा, हात थरथरतोय तुमचा!" ज्या हाताने उभ्या आयुष्यात कातर वाकडी चालवली नाही, त्या हाताला मी हे म्हणालो! त्यानंतर आबा पत्त्यांना शिवले नाहीत. शेजारच्या काकूंचा ब्लाउज शिवायला आला, तोही "आता न्हाई जमायचं" म्हणून त्यांनी परत पाठवला. बोलणारा बोलून मोकळा होतो. ऐकणाऱ्याने ते कुठवर वाहायचे?

काल मी पत्ते खेळत होतो, तेव्हा तसेच पान माझ्याही हातून गळले. आता मात्र मला संशय आला तो माउसचा.

डाव्या बटणाखाली, चिंचोक्याएवढ्या डबीत, तांब्याची पातळ पट्टी सैल पडली होती. बोट दाबलेले असतानाच ती सुटत होती. सुईच्या टोकाने तिला किंचित बाक दिला, आणि माउस शहाण्यासारखा वागू लागला. धावत जाऊन आबांना सांगितले, की दोष तुमच्या हाताचा नव्हताच.

आबा म्हणाले, "माझ्या हातात व्हता तवा कावून न्हाई उघडलास?"

"चुकलं माझं, आबा."

ते उठले. खुंटीवरची मापाची फीत काढली आणि मला दारातल्या उजेडात उभे केले. छातीभोवती फीत फिरली, खांद्यावर त्यांची बोटे टेकली, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

"हलू नगंस," आबा म्हणाले, "माप चुकतंय."