भावोजींचे कार्यालयीन किलोमीटर

स्वतःच्या पैशाने गाडी घेऊन तिच्यात परक्यासारखा अंग चोरून बसणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. हा धक्का मी अकरा वर्षं पचवतोय, अजून पुरता पचलेला नाही. भावोजी मालवणात एका सहकारी संस्थेत तपासणी अधिकारी आहेत. जिल्हाभरच्या शाखा तपासत फिरायचं हे त्यांचं काम. संस्थेकडे जीप नाही, म्हणून जो तो आपापली गाडी वापरतो आणि किलोमीटरमागे ठरलेला भत्ता घेतो. आता हा भत्ता नेमका कशाचा, ह्यावर संस्थेत दोन मतं होती, एक सगळ्यांचं आणि एक भावोजींचं. सगळे म्हणत, पेट्रोलचे पैसे सुटले, विषय संपला. भावोजींनी मात्र ते परिपत्रक इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटून त्याला चिकटपट्टी लावावी लागली. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा की भत्त्यात पेट्रोल येतं, टायर येतो, इंजिनाची झीज येते, विमा येतो, म्हणजे सबंध गाडीच येते. "भत्ता म्हणजे भाडं," त्यांनी मला समजावलं होतं. "ज्या रस्त्याचं भाडं संस्था देते, त्या रस्त्यावर गाडी संस्थेची. मी नुसता चालवायला." गडद निळ्या रंगाची ती छोटी गाडी तेव्हा त्यांच्या दारात उभी होती, तिचे हप्ते भावोजींच्या पगारातून जात होते, आणि हे वाक्य ऐकून मी हातातला चहा बशीत सांडला.

घर ते कचेरी हा प्रवास भत्त्यात येत नाही. म्हणून तारकर्लीच्या घरून निघून मालवणात कचेरीच्या फाटकाशी पोचेपर्यंत भावोजी माणसात असतात. पायात चपला, रेडिओवर जुनी गाणी, तोंडात अस्सल मालवणी. फाटकाशी गाडी थांबते. भावोजी काट्यावरचा आकडा वहीत लिहितात, रेडिओ बंद करतात, चपला काढून डिकीत ठेवतात आणि पॉलिश केलेले बूट घालतात. तिथून पुढे कार्यालयीन किलोमीटर सुरू. बुटांबरोबर भाषाही बदलते. एकदा मी त्यांना आचऱ्याच्या तिठ्यावर अचानक गाठलं आणि खिडकीत वाकून म्हटलं, "काय भावोजी, खंय चललात?" ते सरळ समोर बघत म्हणाले, "देवगड शाखेच्या तपासणीसाठी निघालो आहे. आपलं काही काम होतं का?" आपलं! मी त्यांचा सख्खा मेहुणा, त्यांच्या लग्नात त्यांचा कान पिळलेला माणूस. रस्त्यात ताजे बांगडे दिसले तरी ते कार्यालयीन गाडीत ठेवायचे नाहीत, चाक पंक्चर झालं तर बदलताना लागलेला वेळ कामाच्या वेळेतून वजा करायचा, सगळं त्यांचं ठरलेलं होतं. आजवर वहीत त्यांनी एक किलोमीटर खोटा लिहिलेला नाही. हे संस्थेतले लोक कौतुकाने सांगतात, कारण त्या लोकांना त्यांच्याबरोबर संसार करायचा नाही.

संसार करायचा होता आमच्या ताईला. तारकर्लीला त्यांच्या घराशेजारी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवार ताईला मान वर करायला सवड नसते. सोमवारी पाहुणे गेले की चादरी धुवायच्या, बुधवारपासून पुढच्या पाहुण्यांची तयारी. राहतो एकटा मंगळवार, आणि त्या दिवशी तिला जामसंड्याला आमच्या आयकडे यायचं असतं. देवाची कृपा अशी की भावोजींची देवगडची फेरीही नेमकी मंगळवारीच. वाटेत जामसंडे लागतं, मुख्य रस्त्यावर आमचा फाटा लागतो. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, झालं तर मग, बस शेजारी आणि चल. तर ताई तारकर्लीहून कचेरीच्या फाटकापर्यंत त्यांच्या शेजारी बसायची, तिथे उतरायची आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागायची. एसटी निघायची, मागून भावोजींची मोकळी गाडी यायची, तिला ओलांडून पुढे जायची, आणि जाताना भावोजी प्रेमाने एकदा हॉर्न वाजवायचे. अकरा वर्षं दर मंगळवारी. संध्याकाळी परतताना ते फाट्यावर गाडी लावून बूट काढत, चपला घालत आणि सव्वा किलोमीटर चालत आमच्याकडे चहाला येत, कारण तो सव्वा किलोमीटर परिपत्रकात नव्हता. चहा झाला की ताईला घेऊन चालत फाट्यावर जात, तिला एसटीत बसवून देत, आणि शेजारीच उभ्या असलेल्या आपल्या गाडीत एकटे बसून घरी जात.

एकदा तर आचऱ्याच्या पुढच्या चढावर एसटीच बंद पडली. उतारू रणरणत्या उन्हात रस्त्याकडेला उभे, त्यात आमची ताई. मागून निळी गाडी आली, थांबली, भावोजी उतरले. ताईच्या हातात त्यांनी पाण्याची बाटली दिली, डोक्यावर आपली छत्री धरायला दिली, "सांभाळून या" म्हणाले आणि परत गाडीकडे निघाले. कंडक्टरने त्यांना अडवलं. "ओ साहेब, ही बाई तुमची कोण?"

"पत्नी."

"मगे तिका घेवन कित्याक नाय जावक?"

"गाडी कार्यालयीन कामावर आहे," भावोजी म्हणाले. कंडक्टर तोंडात बोट घालून त्या गाडीच्या धुरळ्याकडे बघत राहिला. ताईनेच मला हे सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती, ह्याचा मला जास्त धक्का बसला. "छत्री दिली ना रे त्यांनी," ती म्हणाली. "दिवसभर मगे ते उन्हातच फिरले." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण नवराबायकोच्या मध्ये कोण बोलणार.

आमची आय मात्र एका गोष्टीसाठी झुरत होती. लेक आणि जावई गाडीतून जोडीने दारात उतरलेले तिला एकदा बघायचे होते. तिने ती गाडी कधी पाहिलीच नव्हती, कारण मंगळवारची तपासणी बुडवून रजा घेणं भावोजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. गुडघ्यांमुळे फाट्यापर्यंत चालणं तिला जमत नव्हतं, आणि मोबाइलवरच्या फोटोत तिला नुसती चकाकी दिसायची. गाडीसाठी तिने अंगणात जागा मात्र राखून ठेवली होती, माडाखाली, सावलीची. गाडीच्या टपावर नारळ पडू नये म्हणून ती त्या एका माडाचे नारळ पिकायच्या आधीच माणूस चढवून उतरवून घ्यायची. बाकीच्या माडांचे नारळ मेले तिथेच सुकले तरी चालतील. मी हे भावोजींना सांगितलं तेव्हा ते हेलावले, खरंच हेलावले, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुख्य कचेरीला पत्र लिहिलं: स्वतःचे वाहन कार्यालयीन कामासाठी वापरताना कुटुंबीयांपैकी कोणास सोबत बसविता येईल किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. त्यावर स्मरणपत्रं गेली, एकामागून एक. उत्तर नाही. आणि इकडे आयला काचबिंदू झाल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. आय शांतपणे म्हणाली, "माका दिसता तवसर एकदा माझा चेडू गाडीतसून दारात उतारलेला बघूक व्हया. मगे डोळे गेले तरी चलतीत."

त्यानंतरच्या मंगळवारी मी त्या दोघांबरोबर फाट्यापर्यंत गेलो. ताईची एसटी सुटली, भावोजी गाडीच्या दाराशी टेकून बूट घालू लागले, आणि माझा बांध फुटला. रस्त्यावर उभं राहून मी त्यांना नाही नाही ते बोललो. शेवटी म्हटलं, "भावोजी, तुमच्या पत्राचा उत्तर येयत तेव्हा येयत. आयचे डोळे त्याची वाट बघूचे नाय. दर मंगळवारी तिका जरा कमी दिसता, ता खंयच्या वहीत लिवतलात?" भावोजींचा एक बूट पायात होता, एक हातात. हातातला बूट त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "बघतो, काय करता येतं ते," आणि नाडी न बांधताच गाडीत बसले. त्यांना नाडी न बांधता जाताना मी प्रथमच पाहिलं आणि घरी येईपर्यंत मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

पुढचे तीन मंगळवार दोघंही आली नाहीत. तारकर्लीला पाहुण्यांची गर्दी आहे, असं ताई फोनवर सांगत राहिली. आयची नजर त्या तीन आठवड्यांत झपाट्याने उतरली, उजेड आणि सावली एवढंच उरलं. चौथ्या मंगळवारी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर पाणंदीतून हॉर्न ऐकू आला. निळी गाडी वळली, अंगणात शिरली आणि माडाखाली येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवर ताई. रेडिओ चालू. भावोजी उतरले तेव्हा मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या. माझ्या तोंडातला फेस गळ्यावर ओघळला तरी मला पुसायचं भान नव्हतं.

"आज रजा?" मी विचारलं.

"रजा कसली? देवगडाक तपासणी आसा." भावोजी मालवणीत बोलत होते, मंगळवारी, कामावर जाताना. "परत एकदा परिपत्रक वाचलंय. खासगी काम कार्यालयीन किलोमीटरात करू नये, असा लिवलाहा. पण कार्यालयीन काम खासगी किलोमीटरात करू नये, असा खंयच लिवलेला नाय. मंगळवारचो भत्तो घेवचोच नाय, सगळे किलोमीटर माझे. मगे गाडीत कोणाकय बसवीन." ते जरा थांबले. "अकरा वर्षां वाचतंय रे. माका दिसलाच नाय." ते स्वतःच इतके चकित झाले होते की माझा राग कुठच्या कुठे गेला.

तोवर ताई आयला हाताला धरून घेऊन आली. आय चाचपडत गाडीपाशी आली आणि तिने बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम आसा," ती म्हणाली. "म्हणजे खरोखरच इली." मग ती हात न उचलता गाडीभोवती फिरली, दारं चाचपली, काचा चाचपल्या, ताई बसली होती ती सीट चाचपली. तिच्या लहानपणी गावात यायची ती डॉक्टरांची एकच गाडी, पांढरीशुभ्र, आणि तेव्हापासून तिच्या मनातली गाडी पांढरीच होती, हे मला त्या क्षणी कळलं. कारण तिने जावयाकडे तोंड करून विचारलं, "पांढरी आसा मां?"

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. ज्या माणसाने अकरा वर्षांत एक किलोमीटर खोटा लिहिला नाही, त्याला ही म्हातारी गाडीचा रंग विचारत होती.

"व्हय गे आये," भावोजी म्हणाले. "पांढरीच आसा."

आय हसली. भावोजी देवगडला निघून गेले, संध्याकाळी ताईला पुढच्या सीटवर बसवून घरी गेले. पण जाण्याआधी त्यांनी मला माडाआड बोलावलं आणि एकदम शुद्ध मराठीत विचारलं, "गाडीचा रंग बदलून घ्यायला साधारण काय खर्च येतो, तुमच्या माहितीत कोणी आहे का? भत्त्यात हे बसत नाही, ते मला माहीत आहे."

मला वाटलं, विसरतील. पण त्यांनी आधी आरटीओची रीतसर परवानगी काढली, मग गाडी रंगाला दिली, आणि दोन महिन्यांनी एका मंगळवारी पांढरीशुभ्र गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. वाडीतले लोक जमले, शेजारी कुंपणावरून वाकून बघू लागले, मी तर दोनदा फेरी मारून नंबर तपासला. त्या पत्राला मुख्य कचेरीचं उत्तर अजून आलेलं नाही, भावोजी मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्या दिवशी आम्ही सगळे चकित होऊन गाडीकडे बघत राहिलो होतो. आय तेवढी नेहमीसारखी आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली आणि ताईला म्हणाली, चहा ठेव.